मागणी कुणाकडे, नेमकी काय आणि कधीपर्यंत?

मेडिकलच्या दुकानात बाळाच्या पावडर दुधाचा डबा दिसला तर तो जरा निरखून बघा. त्यावर बाळाचं चित्र नसतं, आईचंही नसतं. बिस्किटाच्या पुड्यावर लहान मुलगी चालते, साबणाच्या वेष्टनावर गुबगुबीत बाळ चालतं. आणि जी वस्तू खास तान्ह्या मुलांसाठीच बनवली आहे, तिच्यावर मात्र त्यांना बंदी. वर पुन्हा, आईचं दूधच बाळासाठी सर्वांत चांगलं, असं कंपनीला आपल्याच डब्यावर ठळक अक्षरांत छापावं लागतं.

कुठलीही कंपनी आपणहून असं करत नाही. १९७४ साली ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संस्थेनं एक पुस्तिका काढली. गरीब देशांतल्या आयांना पावडरच्या दुधाची भुरळ घातली जाते. डबा पुरवून वापरायचा म्हणून त्या दूध पातळ करतात. पाणी स्वच्छ नसतं, बाटली उकळायला सरपण नसतं. आणि मग हगवण आणि कुपोषण बाळाचा जीव घेतात, असं त्यात मांडलं होतं. तीन वर्षांनी अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेनं अशा दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूनं ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका. भारतानं १९९२ मध्ये त्यावर स्वतंत्र कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. कंपन्यांवर नजर ठेवून तक्रार करण्याचा अधिकार या कायद्याखाली काही स्वयंसेवी संस्थांना मिळाला. त्यांत मुंबईची ‘अ‍ॅकॅश’ ही ग्राहकसंस्थाही होती.

एका पुस्तिकेपासून आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या डब्यापर्यंतचा हा प्रवास आपोआप झाला नाही. कुणीतरी बसून ठरवलं होतं की बोट कुणाकडे दाखवायचं, मागायचं काय आणि कोणत्या दारात उभं राहायचं. हे ठरवणं हा आज एक व्यवसाय आहे. मुलांसाठी काम करणाऱ्या अनेक मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांत ‘कॅम्पेन अ‍ॅडव्हायजर’, म्हणजे मोहीम सल्लागार, असं पद असतं. या प्रकरणात त्या माणसाच्या कामाची ओळख करून घेऊ.

देणगीच्या पुढचं काम

‘सेव्ह द चिल्ड्रन’ किंवा ‘प्लॅन इंटरनॅशनल’ म्हटलं की आपल्यासमोर देणगीची पावती आणि दत्तक मुलाचा फोटो येतो. संस्थेच्या आत मात्र ढोबळमानानं तीन प्रकारची माणसं असतात. पहिली गावात, वस्तीत, छावणीत प्रत्यक्ष काम करतात. दुसरी पैसा उभा करतात. तिसरी नियम बदलायच्या मागे असतात. शाळेच्या एका वर्गाला पुस्तकं देता येतात. पण फी भरली नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर काढण्याची मुभा कायद्यातच असेल, तर पुस्तकं वाटून काय होणार? तिथून तिसऱ्या गटाचं काम सुरू होतं.

या गटातला सल्लागार घोषणा देताना क्वचितच दिसतो. त्याचा बराचसा दिवस कागदात जातो. मंत्र्याला वाचायला दोन मिनिटं असतील तर दोन मिनिटांत कळेल असं टिपण, खासदारानं विचारायचा प्रश्न, पत्रकारासाठी आकड्यांची शहानिशा, दहा संस्थांना मान्य होईल असा एका परिच्छेदाचा मसुदा. शेवटचं काम सर्वांत जिकिरीचं. ‘बंदी घालावी’ म्हणायचं की ‘टप्प्याटप्प्यानं बंद करावं’, यावर दहा संस्थांची आठवडाभर पत्रापत्री चालते. आणि तो वाद पोकळ नसतो. सरकार नंतर त्याच शब्दांवर बोट ठेवून म्हणतं, तुम्ही एवढंच तर मागितलं होतं.

त्याच्या हद्दीही ठरलेल्या असतात. इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्थेला कायदा बदलण्यासाठी मोहीम चालवता येते, पण एखाद्या पक्षाला पाठिंबा देता येत नाही. भारतात परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला एफसीआरए या परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याच्या चौकटीत राहावं लागतं. त्यामुळे मोहिमेचा कागद आधी वकिलाच्या टेबलावरून जातो, मग लोकांपर्यंत पोहोचतो.

पाच पौंडांचा दंड

या व्यवसायाचा मूळ पुरुष एक बाई आहे. एग्लंटाइन जेब ही इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरातली, ऑक्सफर्डला शिकलेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये पहिलं महायुद्ध थांबलं, तरी जर्मनी आणि ऑस्ट्रियाची नाकेबंदी ब्रिटननं उठवली नव्हती. व्हिएन्नात मुलं भुकेनं आणि मुडदुसानं खंगत होती. जेब आणि तिची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी त्याविरुद्ध आवाज उठवायचं ठरवलं. १९१९ च्या वसंतात जेबनं लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पत्रकं वाटली. त्यावर उपासमारीनं हाडं निघालेल्या ऑस्ट्रियन बाळाचा फोटो होता आणि हे आपल्या नाकेबंदीमुळे झालंय, असा मजकूर होता. पत्रक सेन्सॉरकडून मंजूर करून घेतलं नव्हतं, म्हणून तिला अटक झाली.

कोर्टात तिनं स्वतःची बाजू स्वतःच मांडली. कायद्यानं आपण हरणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती कायद्यावर फारशी बोललीच नाही, मुलांवर बोलली. दंड झाला पाच पौंड. सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी सुनावणीनंतर तेवढीच रक्कम आपल्या खिशातून तिच्या हाती ठेवली. थोड्याच दिवसांत, १९ मे १९१९ रोजी, रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या जाहीर सभेत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ फंड लोकांसमोर आला.

कालपर्यंतच्या शत्रूच्या मुलांसाठी पैसे मागणं तेव्हा अनेकांना देशद्रोहासारखं वाटत होतं. जेबनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, सिनेमाचा वापर केला. पण तिचं खरं वेगळेपण पुढे दिसलं. उपाशी मुलाला जेवण घालणं ही कुणाची तरी मेहेरबानी राहिली, तर पुढच्या युद्धात पुन्हा हात पसरावा लागेल, हे तिनं ओळखलं. १९२३ मध्ये तिनं मुलांच्या हक्कांचा एक पानभराचा जाहीरनामा पुढे आणला. कलमं फक्त पाच. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघानं तो स्वीकारला. त्याच वाटेवर १९५९ चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आणि २० नोव्हेंबर १९८९ चा बालहक्क करार आला. भारत १९९२ मध्ये त्या करारात सामील झाला. अमेरिकेनं सही केली, पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही.

मागणी बारीक करणं

नवख्या कार्यकर्त्याच्या पहिल्या मसुद्यात बहुधा ‘बालविवाह थांबले पाहिजेत’ असं वाक्य असतं. त्याला कुणाचाच विरोध नसतो आणि म्हणूनच ते निरुपयोगी असतं. मंत्री मान डोलावतात, फोटो काढून घेतात आणि फाईल जागची हलत नाही.

मलावीत हे जवळून दिसतं. तिथल्या संसदेनं २०१५ मध्ये लग्नाचं किमान वय अठरा केलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण राज्यघटनेत एक कलम तसंच राहिलं होतं. पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींना आईवडिलांच्या संमतीनं लग्न करायला त्यानं मोकळीक दिली होती. घटना कायद्याच्या वर. म्हणजे बाप तयार असला की कायदा कपाटात. मग प्लॅन इंटरनॅशनलसह अनेक संस्था आणि मलावीतले तरुण कार्यकर्ते त्या एका कलमाच्या मागे लागले. मागणी आता एका ओळीत बसत होती. कलम कोणतं, ते बदलणार कोण आणि मतं किती लागतील, हे सगळं स्पष्ट होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये संसदेनं घटनादुरुस्ती मंजूर केली.

कधी मागणी बारीक करणं म्हणजे थोडं कमी मागणं असतं आणि तिथं मन दुखतं. १९७३ पासून कामाच्या किमान वयाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार होता. तो सर्वव्यापी होता आणि वीस-पंचवीस वर्षं झाली तरी अनेक देश त्याला हात लावायला तयार नव्हते. नव्वदच्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत वेगळा विचार पुढे आला. सगळी बालमजुरी एकदम नको, तिचे सर्वांत वाईट प्रकार आधी धरू. वेठबिगारी, लढाईत जबरदस्तीनं भरती, देहविक्रय, अमली पदार्थांची ने-आण, जिवावर बेतणारी कामं. कैलाश सत्यार्थींच्या पुढाकारानं १७ जानेवारी १९९८ रोजी मनिलातून निघालेली जागतिक पदयात्रा खंडामागून खंड पार करत जूनमध्ये जिनिव्हात पोहोचली, आणि मजुरी केलेली मुलं स्वतः श्रम परिषदेच्या सभागृहात शिरली. पुढच्याच वर्षी, १७ जून १९९९ रोजी, करार क्रमांक १८२ एकमतानं मंजूर झाला. शेतावर, घरकामात राबणाऱ्या कितीतरी मुलांचं काय, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो रास्त होता. पण भारतानं २०१७ मध्ये जुना आणि नवा असे दोन्ही करार एकाच दिवशी स्वीकारले. ऑगस्ट २०२० मध्ये टोंगानं मान्यता दिली आणि श्रम संघटनेच्या प्रत्येक सदस्य देशानं स्वीकारलेला १८२ हा पहिलाच करार ठरला.

दार कोणतं?

मागणी ठरली की सल्लागार एक मोठा कागद पसरतो. एका बाजूला निर्णय घेऊ शकणारी माणसं, दुसऱ्या बाजूला त्यांचं ज्यांच्यावाचून अडतं अशी माणसं. मंत्र्यांचं मन वळत नसेल, तर ते ऐकतात कुणाचं? अर्थखात्याचं? धर्मगुरूंचं? मदत देणाऱ्या देशाचं? अनेकदा खरी किल्ली अशा अवर सचिवाकडे असते, ज्याचं नाव बातमीत कधी येत नाही.

कधी मात्र देशातलं प्रत्येक दार बंद असतं. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीनंतर २०१५ मध्ये शाळा उघडल्या, तेव्हा सरकारनं गरोदर मुलींना शाळेत यायला बंदी घातली. साथीच्या काळात मुलींवरचे लैंगिक अत्याचार वाढले होते. शिक्षा मात्र मुलींना. वर्षानुवर्षं निवेदनं गेली, सरकार बधलं नाही. शेवटी संस्थांनी दारच बदललं. पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामुदायिक न्यायालयात दावा दाखल झाला. न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये ही बंदी भेदभाव करणारी ठरवली आणि मार्च २०२० मध्ये सरकारनं ती मागे घेतली. सल्लागाराची हुशारी इथं जोरदार बोलण्यात नव्हती. आपल्या सरकारनं आणखी कुठं शब्द दिला आहे, हे शोधण्यात होती.

आकडा आधी, आवाज नंतर

आपला आकडा खोडून काढला गेला तर मोहीम तिथंच संपते. म्हणून बरेच सल्लागार मोहिमेआधी संशोधनाची वाट बघतात. याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. जन्मल्यावर बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. सोबत तुलनेसाठी ४७ गावं होती. नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि नवजात बाळाला वाचवायला मोठं रुग्णालयच लागतं, या समजुतीला धक्का बसला.

२००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंची खरी संख्या सरकारी नोंदींच्या कितीतरी पुढे असल्याचं दाखवलं, तेव्हा सरकारला आकड्यांवरच बोलावं लागलं. त्याच सुमारास ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या नवजात बालकांसाठीच्या कार्यक्रमानं गडचिरोलीची पद्धत राज्यातल्या इतर संस्थांकडून करून बघायला मदत केली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत भारतभर ती सुरू झाली. जगाच्या टेबलावर मांडलेला युक्तिवाद कधीकधी एखाद्या बाईनं घड्याळ समोर ठेवून मोजलेल्या श्वासांवर उभा असतो.

बोलल्यानं नुकसान झालं तर?

हा प्रश्न प्रत्येक मोहिमेच्या कागदात वेगळ्या रकान्यात असतो आणि त्याला कारण बांगलादेश आहे. १९९२ मध्ये अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारं विधेयक आणलं. ते मंजूर कधीच झालं नाही. पण अमेरिकी गिऱ्हाईक जाईल या भीतीनं बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी मुलांना धडाधड काढून टाकलं. अंदाज ५०,००० चा, बहुतेक मुली. पुढे युनिसेफनं काय पाहिलं? यातल्या अनेक मुली शाळेत गेल्या नव्हत्या. कुणी खडी फोडत होती, कुणी रस्त्यावर वस्तू विकत होती, काही देहविक्रयाकडे ढकलल्या गेल्या होत्या. कारखान्याहून जास्त धोक्याची आणि कमी पैशांची कामं.

उपाय १९९५ मध्ये निघाला. कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. शाळेत जागा मिळाल्याशिवाय मुलाला कामावरून काढायचं नाही आणि बुडालेल्या कमाईपोटी दरमहा भत्ता द्यायचा. हा क्रम आधी ठरला असता तर? त्या अनुभवानंतर सल्लागार कोणत्याही बंदीची मागणी करताना विचारतो, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल कुठं असेल?

दुसरी भीती संस्थेच्या आतली. मार्च २००९ मध्ये सुदानचे अध्यक्ष ओमर अल बशीर यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं अटक वॉरंट काढलं. न्यायालयाला माहिती पुरवल्याचा आरोप ठेवून सुदाननं तेरा आंतरराष्ट्रीय संस्थांना देशाबाहेर काढलं; त्यांत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ही होती. संस्थांनी आरोप नाकारला, पण सुदानमधल्या दारफुरच्या विस्थापितांच्या छावण्यांतलं पाणी, औषधं आणि धान्य यांची घडी विस्कटली. त्यामुळे लंडनमध्ये कुणी कडक निवेदन लिहिलं की खार्टूम किंवा यांगोनचं कार्यालय आधी विचारतं, आमच्या दवाखान्याचं काय? दोन्ही बाजू बरोबर असतात. तोडगा कधी संस्थेचं नाव न घालता माहिती पुढे देण्यात निघतो, कधी बोलण्याचं काम दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्यात. कधी गप्पही राहावं लागतं आणि त्या गप्प राहण्याची जबाबदारी लेखी नोंदवली जाते.

फोटोंचा प्रश्नही याच रकान्यात येतो. जेबनं उपाशी बाळाचा फोटो वापरला, आणि पुढच्या सत्तर वर्षांत माशा घोंगावणारं आफ्रिकन मूल ही देणगी मिळवण्याची हमखास युक्ती झाली. १९८९ मध्ये युरोपातल्या संस्थांनी चित्रांसाठी आचारसंहिता केली. मुलाची आणि पालकांची समजून-उमजून दिलेली संमती, खरं ठिकाण, लाचार करून न दाखवणं. तरी पैसा उभा करणारा विभाग आणि मोहीम विभाग यांच्यातली ओढाताण थांबलेली नाही. रडणारं मूल देणगी आणतं. प्रश्न विचारणारं मूल कायदा बदलायला उपयोगी पडतं.

जिंकल्यानंतर

स्वीडननं १ जुलै १९७९ रोजी मुलांना मारण्यावर घरातसुद्धा बंदी घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश. कायद्यात नवी शिक्षा नव्हती. तो पालकांच्या कर्तव्यांविषयीच्या संहितेत घातला होता. मग लोक तो पाळणार कशासाठी? सरकारनं त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली. सकाळी न्याहारीला बसलेल्या आईवडिलांसमोर आणि मुलांसमोर तेच खोकं. सोबत मुलं असलेल्या घरांना माहितीपत्रक गेलं, परदेशातून आलेल्या कुटुंबांसाठी इतर भाषांतही. दोनेक वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना कायदा ठाऊक झाला होता. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ची स्वीडिश शाखा ‘रेड्डा बार्नेन’ या विषयात आधीपासून होती आणि कायद्यानंतरही राहिली. आज साठाहून अधिक देशांत असा कायदा आहे. पण खोक्याइतका साधा आणि अचूक विचार त्यातल्या थोड्याच देशांनी केला.

करार १८२ चंही तेच. त्याला आता श्रम संघटनेच्या प्रत्येक सदस्य देशाची मान्यता आहे, आणि तरी २०२४ च्या अंदाजानुसार जगात १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत आहेत. त्यांतली ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामात. शतकाच्या सुरुवातीच्या तुलनेत हा आकडा बराच खाली आला आहे. शून्याच्या मात्र जवळपास नाही. त्यामुळे आजच्या सल्लागाराच्या कागदावरची मागणी कंटाळवाणी दिसते. तपासनीसांची किती पदं रिकामी आहेत, अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम ठेवली, सुटका झालेल्या मुलाला भत्ता किती दिवसांत मिळतो. यावर मोर्चा निघत नाही, पण मूल कामावरून शाळेत जाईल की नाही, ते इथंच ठरतं.

वाचकाच्या हाती यातून एक कसोटी येते. उद्या मोबाइलवर मुलांसाठी सही करा असा संदेश आला, तर त्यात तीन गोष्टी शोधा: मागणी कुणाच्या नावानं आहे, नेमकं काय मागितलंय आणि कधीपर्यंत. तिन्ही सापडल्या, तर त्यामागे कुणीतरी आपलं काम नीट केलंय, सही जरूर करा. नाव, मागणी आणि मुदत यांतलं काहीच नसेल, तर त्या संदेशाला तुमची सही नको आहे; त्याला फक्त तुमचा फोन नंबर हवा आहे.